डावी बाजू रिकामी

साहेब, तुम्ही भर मैदानात, माईक चालू ठेवून, एका बाईची कांचळी फाडली.

हात तुमचा नव्हता, हे ठाऊक आहे. कात्री तुमच्या हाफिसातल्या बाईच्या हातात होती. पण बोट तुमचं होतं, आवाज तुमचा होता, आणि पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसून जे हसले, ते तुमच्या तोंडाकडे बघून हसले. तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही. तालुक्याचंही नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल, आणि तुम्ही तर स्वतःला ओळखालच. ती बाई कोण होती, ते मात्र ऐकून घ्या. त्या दिवशी तुम्ही विचारलं नव्हतं.

तिचं नाव हंसाबाई अमरसिंग आडे. तालुक्याच्या गावापासून आत, टेकडीच्या पोटाला तांडा आहे, तिथली. चार एकर मुरमाड रान. कपाशी आणि मधे तुरीचे तास. पोरगा रूपसिंग, सून बबिता. नवरा अमरसिंग फौजेत हवालदार होता. जवानी बर्फात आणि वाळूत घालवून तो गावी आला आणि कधी दुसरीकडे गेलाच नव्हता अशा थाटात डवरा धरून बैलांमागं चालू लागला. दोन वर्षांमागं श्रावणात डवरता डवरता छातीत कळ आली. पिकाच्या तासातच बसला, तो उठला नाही. बबिता भाकर घेऊन गेली तेव्हा बैल जूसकट तसेच उभे होते. मालकानं 'हो' म्हणून थांबवलं होतं, पुढचा हुकूम यायचा होता.

गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांत, बाईचं अंग म्हणजे घरची तिजोरी. नवऱ्याची कमाई बाई अंगावर वागवते. फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर कवड्या, कांचळीवर, म्हणजे चोळीवर आरसे आणि जुने रुपये, कानाजवळ केसांत लोंबती घुगरी, दंडात वलयांचा चूडो. आणि नवरा गेला की घुगरी आणि चूडो उतरतात. हंसाबाईचे उतरवले तिच्या चुलतसासूनं, केसीबाईनं. म्हातारीनं तेलाचा हात लावून एकेक वलय दंडातून ओढून काढलं. काम केलं आणि हात धुतले.

त्यानंतर कितीतरी दिवस हंसाबाईला चालताना तोल गेल्यागत व्हायचं. दंड हलके झाले होते. विहिरीवर बादली ओढताना हात आपोआप वर जायचा आणि कान न वाजणाऱ्या वलयाकडे लागायचा.

अशात तुमचा निरोप आला. पंधरा ऑगस्टला तालुक्याच्या मैदानावर माजी सैनिकांच्या घरच्यांचा सत्कार. शाल-नारळ. कोतवाल सांगून गेला.

हंसाबाईनं लोखंडी पेटी उघडली. एरवी ती साडीच नेसायची. फेटिया-कांचळी डांबराच्या गोळ्यांत पडून होती. तिच्याच खाली अमरसिंगची चार पदकं होती, काळ्या मखमलीच्या पट्टीवर. ती उन्हात धरून तिनं पाहिली आणि पट्टीवरून एकेक मोकळं केलं.

बबिता सासूला म्हणाली, "याडी, हे पिनेनं लावतात ना वं? बापूच्या फोटोत तसंच दिसते."

"पिन कायले? गर्दीत पडलं त? कमाई कोणी पिनेनं लावते काय? सुईदोऱ्यानं शिव. दुहेरी टाका घाल."

"कोठी शिवू?"

"फोटोत कोठी हाय?"

"डावीकडं."

"मंग डावीकडं."

बबिताचा हात तांड्यात नावाजलेला. तिनं चारी पदकं रेशमी फितीसकट कांचळीच्या डाव्या बाजूला, जुन्या रुपयांच्या रांगेत बसवली आणि प्रत्येकाभोवती लाल-पिवळ्या दोऱ्यानं बारीक आरसे गोवले. केसीबाई ओट्यावरून बघत होती.

"देवानं उतरवलं ते तू कायले चढवतं वं, हंसी?" ती म्हणाली. "रांडव बाईनं चमकू नाई."

"चूडो उतरवला ना तू? घे, दंड मोकळे हायेत," हंसाबाईनं दोन्ही दंड पुढं केले. "हे देवानं नोतं देल्लं. हे सरकारनं देल्लं."

चूक होती. पदकाला सुई लावायची नसते, आणि बाजूही चुकली होती. पण ही चूक कोणाची होती, साहेब? जिला तिच्या आईनं, आजीनं एकच शिकवलं, की माणसाची कमाई मोलाची असेल तर ती अंगाला शिवून टाकावी, तिची? तुमच्या बायकोचं मंगळसूत्र कोणी पिनेनं लावलं आहे?

मैदानावर चिखल होता, मंडपाच्या झालरीतून पाणी ठिबकत होतं. हंसाबाईचं नाव पुकारलं. ती फेटियाचा घोळ आवरत पायऱ्या चढली. आरसे लखलखले. आणि तुम्ही माईक तोंडापासून दूर न करता म्हणालात,

"थांबा थांबा. हे काय आहे? मेडल आहेत की बैलाच्या गळ्यातले घुंगरू?"

हसले लोक.

"नवऱ्याची मेडल बायकोनं लावायची नसतात. ते काय दागिने आहेत? नियम आहे, कायदा आहे. अपमान आहे हा सैन्याचा. काढा."

"साहेब, शिवले हायेत. घरी गेल्यावर काढीन."

"आत्ता काढा."

मागच्या रांगेतून एक माणूस उठला. रहमत. अमरसिंगबरोबर फौजेत गाड्या दुरुस्त करायचा, आता तालुक्यात पाण्याच्या मोटारी बांधून देतो; त्याच्या कोटावर स्वतःची पदकं होती. "साहेब, ये गलत है," तो ओरडला. "ऐसे नहीं करते." तुम्ही त्याला बसवलंत. बोलायची त्याची पाळी नव्हती, म्हणालात.

उद्घाटनाची फीत कापायची कात्री ताटात होती, कुंकवाशेजारी. तीच घेतली. तुमच्या हाफिसातल्या बाईनं तिचं गार पातं कांचळीवर टेकवलं. तीन पदकांचे टाके कापले गेले. चौथ्याला बबिताचा दोरा हटेना, म्हणून तिनं ओढलं. कांचळी काखेपर्यंत टर्रकन फाटली, आरसे चिखलात पडले. मग तुम्ही शाल घातलीत, आणि त्याच शालीनं हंसाबाईनं आपली छाती झाकली. फोटो निघाला. दोन दिवसांनी पेपरात तो आला. खाली छापलं होतं, 'माजी सैनिकाच्या पत्नीचा सन्मान'.

चार पदकं तुमच्या खिशात गेली. "जमा राहतील," तुम्ही म्हणालात.

घरी येऊन हंसाबाईनं फेटिया उतरवला, साडी नेसली आणि कपाशीतलं तण निंदायला गेली. संध्याकाळी बबितानं फाटकी कांचळी शिवायला घेतली तर तिच्या हातून ओढून पेटीत टाकली.

मग हंगाम लागला. कपाशी फुटली तशी घरातली सगळीच माणसं कमरेला ओटी बांधून पहाटेचं दंव असतानाच रानात. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा चिरल्या जायच्या, भाकरीला मीठ लागलं की झोंबायचं. ओटी भरली की पोट सुटल्यागत पुढं झुकायची आणि हंसाबाई पाठीवर हात देऊन सरळ व्हायची. असं सरळ होताना ती तालुक्याच्या दिशेला बघायची. कपाशीच्या डोक्यावरून तिथला टॉवर दिसायचा.

रूपसिंग हाफिसात जाऊन यायचा. साहेब मीटिंगमध्ये. साहेब दौऱ्यावर. साहेब जेवायला. एकदा सापडलात, तेव्हा तुम्ही मोबाईलमधून मान वर न करता म्हणालात, "वर विचारलं आहे. कळवू." शिपायानं बाहेर येऊन वर सल्ला दिला, गुन्हा दाखल झाला नाही हेच नशीब समजा.

रूपसिंग चिडून घरी आला. "सोड ना वं, याडी. आपलीच चूक होती. मले ते लोकं पाहून हसतात. घुंगरूवालीचा पोट्टा म्हंतात."

"तू कोणाचा पोट्टा हाय?"

"म्हंजे?"

"घुंगरूवालीचा हाय का हवालदाराचा हाय? ठरव अन् मंग सांग मले." आणि ती पुन्हा बोंडाला भिडली.

पण रात्री तिला झोप लागायची नाही. कारण एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. तुम्ही म्हणालात तसा नियमच असला तर? नवऱ्याचं बायकोनं लावायचंच नसलं तर? तांडा म्हणत होता उतरव, सरकार म्हणत होतं उतरव. दोघांचं एवढं पटलेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं.

दिवाळी झाल्यावर रहमतचा फोन आला. "भाबी, मुकुटबनच्या तिकडं एका जवानाची मानवंदना हाय. सालाना. यूनिट के लोग आनेवाले हैं. चला."

"मी कायले? मले शाल नाई पाह्यजे आता."

"शाल नहीं है. तुमी चला त खरं. मले जो बात पक्की मालूम नाई, ते आपण इचारू."

त्याच्या पिकअपमध्ये पुढं बसून ती गेली. शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा खांब, त्यावर त्या जवानाचं नाव. फौजेतली माणसं रांगेत उभी. आणि खांबाजवळ एक बाई, पांढरट साडी, उन्हानं रापलेलं तोंड, शेतकऱ्याघरची. जवानाची आई. विमलताई.

तिच्या पदरावर पदक होतं.

कोणी कात्री घेऊन येतं का म्हणून हंसाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. कोणी आलं नाही. उलट टोपीवाला अधिकारी चालत त्या बाईसमोर आला, टाचा जुळवल्या, आणि त्यानं तिला कडक सलाम केला. विमलताईनं साधा नमस्कार केला. तिचं पदक हललं.

कार्यक्रम संपल्यावर चहा वाटला. हंसाबाई कप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली.

"बाई, एक इचारू काय?"

"इचारा ना."

"हे पोराचं हाय ना?"

"हो. माह्या पोराचं."

"मंग तुमाले हे लावू कसं देतात?"

विमलताई हसली. "लावू देत नाई बाई, लावाच म्हंतात. मानवंदनेले या अन् लावून या. फक्त बाजू पाहा." तिनं पदरावर बोट ठेवलं. "उजवी. म्याबी पहिल्या खेपेले डावीकडंच लावलं होतं. एका सुभेदारानं हात जोडले, म्हने माय, डावी ज्यानं कमावलं त्याची. तो गेला, त्याची जागा रिकामी ठेवाची. घरच्यानं उजवीकडं लावाचं. मंग दुरून कोणी पाह्यलं तरी त्याले समजते, का हे माणूस कोणाचं तरी मागं राह्यलेलं माणूस हाय."

"अन् शिवाचं?"

"शिवाचं नाई. पट्टी असते, तिले अटकवाचं. सुई कायले लावता बाप्पा सोन्यासारख्या गोष्टीले!"

रहमत तोवर फौजेतल्या माणसांकडे विचारून आला होता. दुरूनच त्यानं उजव्या छातीवर थाप मारून दाखवली.

पिकअप परतीच्या वाटेला लागली. रस्त्याच्या कडेला जिनिंगकडं निघालेल्या कापसाच्या गाड्या होत्या. त्यांच्याकडे बघत हंसाबाई म्हणाली,

"रहमतभाऊ, आमच्या तांड्यात माणूस गेला का बाईचं उतरवून घेतात. फौजेत उतरवत नाई."

"नहीं भाबी."

"बाजू बदलून देतात."

"हो."

"मंग माही एक बाजू हाय."

रहमतनं गाडीचा गिअर बदलला आणि नाक ओढलं. सर्दी झाली म्हणाला.

त्या रात्रीपासून तिला झोप लागू लागली. आणि जागी असली की तिचं एकच चालायचं, पदकं आणायची. कशी आणायची, ते तुम्ही पाहिलंच.

जानेवारीत कपाशीचा शेवट येतो. झाडावर अर्धवट उमललेली, थंडीनं दगड झालेली बोंडं उरतात. उभ्यानं त्यातला कापूस निघत नाही. ती तोडून घरी आणायची, ओट्यावर ढीग घालायचा, आणि बायकांनी बसून एकेक बोंड फोडत कापूस वेगळा करायचा. बसल्या जागेचं काम. कुठंही बसून होतं. हंसाबाईच्या मनात एवढंच आलं, की ओट्यावर बसायचं ते तुमच्या ओट्यावर का नको?

सोमवारी सकाळी तिनं बोंडांचं गाठोडं बांधलं. बबितानं दुसरं. तांड्यातल्या आणखी बायकांनी आपापली. रूपसिंगनं गाडी जुंपली. आणि केसीबाई काठी टेकत येऊन गाडीत चढली.

"तू कोठी निघाली वं, काकी?" हंसाबाईनं विचारलं.

"मी काय तुह्या बिल्ल्यासाठी नाई येऊन राह्यली. माह्या घरी सकाळचं उन्ह येत नाई. हाफिसाच्या ओट्यावर चांगलं येते म्हंतात."

व्हरांड्यात, तुमच्या दाराच्या समोर, बायका मांडी घालून बसल्या. गाठोडी सुटली. कट्, कट्, कट्. टरफलं एकीकडे, कापूस एकीकडे. तास गेला नाही तोच तुमच्या हाफिसात हिवाळ्यातलं धुकं उतरलं. तंतू उडून पंख्याला लागले, फायलींवर बसले, तुमच्या बाबूच्या मिशीत अडकले. तो शिंकायला लागला तो थांबेना.

तुम्ही बाहेर आलात. तुमच्या निळ्या कोटावर कापूस उतरत होता.

"हा काय कचरा मांडला आहे? कोणी परवानगी दिली?"

केसीबाईनं मान वर केली. "कचरा नाई बाप्पा, कापूस हाय. तुमच्या अंगातल्या सदऱ्यात बी हाच हाय. त्याले नाई म्हटलं कचरा कोणं."

"काय पाहिजे तुम्हाला?"

हंसाबाई उठली नाही. बोंड फोडत फोडतच म्हणाली, "माह्या माणसाचे चार पदकं."

"वर विचारलं आहे. आलं उत्तर की..."

"आम्ही बसलो हाओत. येऊ द्या उत्तर. बोंडं लय हायेत. तांड्यात अजून लय हायेत."

"बाई, तुम्हाला ती कायद्यानं घालता येत नाहीत."

"घालाचं मंग पाहू. मी सध्या घालाले नाई मांगून राह्यली, घरी न्याले मांगून राह्यली. घालू नाई हा एक कायदा झाला. ठेवून घ्यावे हा कोणता?"

व्हरांड्यातली माणसं थांबून ऐकायला लागली होती. सातबाऱ्याला आलेले, दाखल्याला आलेले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर टेकून बसून दोन बोंडं उचलली आणि फोडायला घेतली. त्याला पाहून आणखी एकानं. तुम्ही आत गेलात. फोनवर बोललात. कोणाशी ते माहीत नाही, पण तुमचा 'हो सर, हो सर' बाहेर ऐकू येत होता, आणि शेवटचा 'हो सर' बराच बारीक होता.

दुपार टळायच्या आत बाबू बाहेर आला. हातात काजूकतलीचा रिकामा डबा. त्यात चार पदकं, स्टेपलरच्या पिनांत लोळत. फिती मळलेल्या. एकीवर चहाचा डाग.

"इथं अंगठा करा. मिळाले म्हणून."

"घेतले तवा कागद नोता," हंसाबाई म्हणाली. "द्याले कायले पाह्यजे?"

बाबू शिंकला आणि आत गेला.

तिनं तिथंच बसून ओंजळभर ताज्या कापसानं चारी पदकं पुसली. एकेक करून. मग बायकांनी टरफलं गोळा केली, फडक्यानं तुमचा ओटा झाडून दिला, आणि गाडी तांड्याकडे निघाली. वाटेत बबितानं गाणं धरलं. केसीबाई म्हणाली, उन्ह चांगलं होतं.

रहमतनं गॅरेजात पितळेची पातळ पट्टी कापली, कानस मारून कडा गुळगुळीत केल्या, मागं पिन कथलाचा डाक लावून बसवली. त्याच्या बायकोनं, आयशाबीनं, फिती कोमट पाण्यात धुऊन उशीखाली दाबून वाळवल्या. पट्टीवर पदकं अडकवताना रहमतनं त्यांचा क्रम दोनदा तपासला.

तुम्ही पुन्हा निरोप धाडलात. सव्वीस जानेवारीला शहीद स्तंभावर मानवंदना आहे, आडेबाईंना यायला हरकत नाही, मेडल लावून येऊ नये. कोतवालानं तो निरोप सांगितला आणि ओशाळून टोपी खाजवली. हंसाबाईनं त्याला गूळ-पाणी दिलं.

त्या सकाळी थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. हंसाबाईनं फेटिया घातला. कांचळी या वेळी बबिताची होती. सासूनं मागितली आणि सुनेनं पेटीतून काढून दिली. डाव्या बाजूवरचे रुपये, कवड्या, आरसे बबितानं आदल्या दिवशीच उसवून ठेवले होते. नुसतं लाल कापड. उजवीकडे रहमतची पट्टी. बबिताला ती सरळ लावता येईना, तिचे हात गारठले होते. केसीबाई काठी भिंतीला टेकवून पुढं आली. याच हातांनी तिनं चूडो उतरवला होता. तिनं एका बोटानं पट्टी उचलली, मागं सरून डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा पुढं येऊन केसभर वर केली.

"वाकडं होतं," ती म्हणाली. "आता चाल. अन् खाली पाहून चालू नको."

स्तंभासमोर माजी सैनिकांची रांग होती. कोट, टोप्या, डाव्या छातीवर पदकं. गुडघे दुखणारे, कान गेलेले, एकाला लकवा. हंसाबाई सरळ चालत आली आणि रांगेच्या टोकाला, रहमतच्या शेजारी उभी राहिली. रहमत उजवीकडे अर्धं पाऊल सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला. त्याच्या पलीकडचा. सगळी रांग तिच्यासाठी सरकली. मागं दोरीपलीकडे तांड्यातल्या बायका उभ्या होत्या. रूपसिंगही होता. शेजारच्या पोरानं काहीतरी विचारलं तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "हवालदार अमरसिंग आडेचा. अन् ते माही याडी हाय."

तुम्ही पाहिलंत. झेंड्याजवळची जागा सोडून तुम्ही तरातरा रांगेकडे आलात, तिच्यासमोर उभे राहिलात, आणि दात खाऊन हळू आवाजात म्हणालात,

"बाई, मी सांगितलं होतं ना? काढा ते. आत्ताच्या आत्ता..."

हंसाबाईनं ओढणी बाजूला केली.

"डावी रिकामी हाय साहेब. पाहून घ्या. ते त्यायची होती, म्या सोडली. हे उजवी माही हाय."

तुमचा हात वर आला. पट्टीकडे आला. रांगेतला एकही माणूस हलला नाही, पण सगळ्या म्हाताऱ्यांच्या माना एकदम वळल्या आणि तुमच्या त्या हातावर थांबल्या.

तेवढ्यात मागं झेंडा उघडला आणि बँड वाजला. राष्ट्रगीत.

"सावधान!" रहमत गरजला. एवढा आवाज त्या माणसात उरला असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. टाचा जुळल्या. लकवावाल्याचीही जुळली.

आणि तुम्ही अडकलात, साहेब. ना मागं जाता येईना, ना वळता येईना. हात खाली घ्यावा लागला. झेंडा तुमच्या पाठीशी होता. तुमच्या समोर, हातभर अंतरावर, हंसाबाईची छाती होती, उजवीकडे चार पदकं, डावीकडे नुसतं लाल कापड. सगळं राष्ट्रगीत तुम्ही तिच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिलात. थंडीत तुमच्या कपाळाला घाम आला होता, तो तिनं पाहिला. सगळ्या तालुक्यानं पाहिला. तुमच्या पुढच्या रांगेतल्या लोकांनीही पाहिला, आणि या वेळी ते तुमच्याकडे बघून हसले नाहीत. तिच्याकडे बघत उभे राहिले.

तिला वाटलं होतं, असं झालं तर आपण रडू. तिला रडू आलं नाही. दंड हलके होते, पण तोल जात नव्हता. तिला डवऱ्यामागचा अमरसिंग आठवला, बैलांना 'हो' म्हणणारा, आणि तिची छाती एवढी भरून आली की पट्टी वर उचलली गेली.

राष्ट्रगीत संपलं. बँडवाल्यानं झांज खाली ठेवली. तुम्ही वळायला पाय उचललात.

"थांबा," हंसाबाई म्हणाली.

तिला माईक लागला नाही.

"फौजेत हुकमाशिवाय पान हालत नाई, असं आमचे हे सांगत. मले एक सांगा साहेब. पंधरा ऑगस्टले मले भर लोकायत उघडी करून माह्या माणसाची कमाई तुम्ही कापून घेतली. हुकूम कोणाचा होता? सरकारचा होता का फौजेचा होता का तुमचाच होता? मी घाईत नाई. हे सारे लोकं बी घाईत नाई. बोला."

रांग अजून सावधानमध्ये होती. विश्राम कोणी म्हटलं नव्हतं.

बोला साहेब. हुकूम कोणाचा होता?